‘नाही’ म्हणता यावे, ‘नाही’ ऐकता यावे

अकरावी-बारावीच्या मुलामुलींना निकोप नाती जोडायला शिकवताना

दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. सायन्स की कॉमर्स? तालुक्याचे ज्युनियर कॉलेज की जिल्ह्याचे? एसटीची वेळ कोणती, क्लासची फी किती, मुलगी असेल तर सोबत जायला मोहल्ल्यातली आणखी कोण आहे? अब्बा आखातात असतील तर व्हिडिओ कॉलवर त्यांचा मश्वरा घेतला जातो. मामू प्रवेशाचा फॉर्म भरून देतात, खाला आपल्या मुलाची जुनी पुस्तके काढून ठेवतात. या साऱ्या धावपळीत एक प्रश्न मात्र राहून जातो. आता भेटणाऱ्या नव्या माणसांशी वागायचे कसे, हे या मुलाला किंवा मुलीला कुणी शिकवले आहे का?

दहावीपर्यंत मुलींच्या उर्दू शाळेत शिकलेली मुलगी अकरावीत पहिल्यांदा मुले-मुली एकत्र असलेल्या वर्गात बसते. ज्याच्या वर्गात सगळे मोहल्ल्यातलेच दोस्त होते, त्या मुलाच्या बाकावर आता वेगळ्या गावचे, वेगळ्या धर्माचे, वेगळ्या चालीरीतींचे सोबती येतात. हातात स्वतःचा मोबाइल येतो. नोट्ससाठी वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो आणि त्या ग्रुपमधून कुणाचाही नंबर कुणालाही मिळतो. सोळाव्या-सतराव्या वर्षी हे सारे एक-दोन महिन्यांत घडते.

अशा वेळी आपण मुलांना काय देतो? बहुतेक घरांत तंबी. कुणाशी बोलू नकोस, नजर खाली ठेव, घराची इज्जत तुझ्या हातात आहे. या तंबीमागची काळजी खरी आहे आणि हया हा आपल्या दीनचा भागच आहे. पण तंबी म्हणजे तरबियत नव्हे. ‘रस्त्यावर जाऊ नकोस’ म्हणून वाढवलेल्या मुलालाही एक दिवस रस्ता ओलांडावा लागतो. त्या दिवशी त्याला मनाई उपयोगी पडत नाही. दोन्हीकडे बघून पाऊल कसे टाकायचे, हे माहीत असावे लागते.

आमच्या मते या वयात तीन गोष्टी शिकवल्याच पाहिजेत : स्पष्ट नकार देणे, दुसऱ्याचा नकार मानणे आणि अडचण आली की घरी सांगणे. यातली तिसरी सर्वांत अवघड आहे आणि ती मुलांपेक्षा आपल्यावर, म्हणजे मोठ्यांवर, अधिक अवलंबून आहे.

काळजी की पाळत?

निकोप नाते हा विषय काढला की अनेकांना वाटते, हे मुलगा-मुलगी यांच्या ‘प्रकरणां’बद्दलच असणार. तसे नाही. दोस्ताने ‘एकदा खाऊन तर बघ’ म्हणत पुढे केलेली गुटख्याची पुडी हा नात्याचाच प्रश्न आहे. मैत्रिणींनी एकीला वगळून वेगळा ग्रुप करणे, रंगावरून किंवा तोतरेपणावरून टोपणनाव पाडणे, भावाने बहिणीचा मोबाइल तिच्या नकळत तपासणे, हेही नात्याचेच प्रश्न आहेत. सूरह हुजुरातमध्ये थट्टा, वाईट टोपणनावे, विनाकारण संशय, दुसऱ्याच्या खासगी गोष्टींची टेहळणी आणि गीबत यांना एकापाठोपाठ मनाई केली आहे. त्यातली प्रत्येक गोष्ट आज मोबाइलच्या पडद्यावर घडते. हा भाग मुलांना अर्थासह वाचून दाखवावा आणि एकच प्रश्न विचारावा : आपल्या वर्गाच्या ग्रुपवर यातले काय काय चालते? उत्तरे मुलेच देतील.

एक सोपा सराव घरी किंवा वर्गात करता येतो. कागदावर दोन रकाने आखावेत. एकाला ‘काळजी’ म्हणावे, दुसऱ्याला ‘पाळत’. मग एकेक वाक्य घेऊन ते कुठल्या रकान्यात बसते ते मुलांना ठरवू द्यावे. ‘घरी पोहोचलीस की मेसेज कर.’ ‘तुझा पासवर्ड मला दे, नाहीतर तुझा माझ्यावर भरवसा नाही असे समजेन.’ ‘ताप आहे तर आज क्लासला येऊ नकोस, नोट्स मी देतो.’ ‘तू तिच्याशी बोललीस तर माझ्याशी बोलू नकोस.’ ‘मला सोडून गेलास तर मी जिवाचे बरेवाईट करून घेईन.’ पहिली तीन-चार वाक्ये झाली की वाद सुरू होतात आणि त्या वादातच शिक्षण होते. पाळत ठेवणारा, धमकावणारा किंवा भीती घालणारा माणूस कितीही गोड बोलला तरी त्याचे नाते निकोप नाही, हे मुलांना स्वतःहून उमगते. शेवटच्या वाक्यावर मात्र थांबून बोलावे. अशी धमकी कुणी दिली तर तिला बळी पडायचे नाही आणि ती हसण्यावारीही न्यायची नाही. ताबडतोब मोठ्या माणसाला सांगायचे. ताणतणाव आणि मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ हा सरकारचा ‘टेलिमानस’ दूरध्वनी क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

बरीरा (रजि.) यांचा नकार

हदीसमध्ये बरीरा (रजि.) यांची हकिकत येते. त्या गुलाम होत्या आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी त्यांना मुक्त केले. त्यांचे पती मुगीस हे गुलामच होते. मुक्त झाल्यावर हे लग्न ठेवायचे की नाही, याचा हक्क बरीरांना मिळाला आणि त्यांनी वेगळे व्हायचे ठरवले. मुगीस यांचे त्यांच्यावर अतोनात प्रेम होते. ते मदिनेच्या रस्त्यांवर रडत त्यांच्या मागे फिरत. प्रेषित मुहम्मद (स.) यांना त्यांची दया आली आणि त्यांनी बरीरांना परत जाण्याबद्दल सुचवले. बरीरांनी विचारले, हा हुकूम आहे का? प्रेषितांनी सांगितले की हुकूम नाही, ते केवळ शिफारस करत आहेत. तेव्हा बरीरांनी नम्रपणे, पण स्पष्ट नकार दिला. तो नकार मानला गेला. त्यांना कुणी उद्धट म्हटले नाही, कुणी जबरदस्ती केली नाही.

आपल्या मुलींना ही हकिकत आपण किती वेळा सांगतो? आणि मुलांना? मुलींनी त्यातून हे घ्यावे की नकार देण्यात बेअदबी नाही. मुलांनी हे घ्यावे की खरे प्रेम आणि खरे अश्रू असले तरी समोरच्यावर हक्क उत्पन्न होत नाही. आजचे सिनेमे आणि रील्स मुलांच्या मनावर नेमके उलटे बिंबवतात : ती नाही म्हणाली तर आणखी मागे लाग, आज ना उद्या हो म्हणेल. मागे लागणे हे प्रेमाचे लक्षण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने नाराजी स्पष्ट दाखवूनही तिचा वारंवार पाठलाग करणे, संपर्काचा प्रयत्न करत राहणे किंवा इंटरनेटवरील तिच्या वावरावर नजर ठेवणे हा गुन्हा आहे.

नकार मनातल्या मनात देऊन चालत नाही. तो तोंडाने म्हणावा लागतो आणि त्याला सराव लागतो. मुली अनेकदा अवघडून हसतात, विषय बदलतात किंवा ‘अम्मी रागावतील’ म्हणतात. समोरच्याला वाटते, अडचण अम्मीची आहे, हिची नाही. म्हणून वाक्ये शिकवावीत : ‘मला हे बोलणे आवडत नाही. यापुढे मला मेसेज करू नकोस.’ इतकेच. कारण देण्याची गरज नाही, माफी मागण्याची तर नाहीच. मुलांसाठी वाक्य आणखी छोटे आहे : ‘ठीक आहे, पुन्हा विचारणार नाही.’ हे म्हटल्यावर त्या मुलीची बदनामी करायची नाही, तिचे फोटो, तिचे मेसेज दोस्तांना दाखवायचे नाहीत. ते मेसेज आपल्याजवळ अमानत आहेत. नकाराने दुखते, हेही मुलांना मोकळेपणाने सांगावे. मुलगा चार दिवस गप्प गप्प राहिला, जेवला नाही, तर ‘मर्द होऊन रडतोस काय’ असे म्हणू नये. मुगीस यांच्या अश्रूंना प्रेषितांच्या दरबारातही कुणी हसले नव्हते.

वर्गातले बोलणे

एकाच वर्गात बसायचे, एकाच प्रयोगशाळेत काम करायचे, तर बोलावे लागणारच. प्रश्न बोलण्याच्या रीतीचा आहे. कुरआनच्या सूरह कससमध्ये हजरत मूसा (अ.) मदयनच्या विहिरीवर पोहोचतात तो प्रसंग येतो. गर्दीपासून बाजूला जनावरे अडवून उभ्या असलेल्या दोन मुलींना ते अडचण विचारतात. त्या सांगतात की मेंढपाळ निघून गेल्याशिवाय त्यांना पाणी पाजता येत नाही आणि वडील फार वृद्ध आहेत. मूसा (अ.) त्यांच्या जनावरांना पाणी पाजतात आणि सावलीत जाऊन बसतात. ना ओळख वाढवणे, ना उपकार सांगणे. पुढे त्यांतली एक मुलगी लाजत, मर्यादेने येते आणि वडिलांचा निरोप सांगते. नंतर याच मुलींपैकी एक वडिलांना सुचवते की या माणसाला कामावर ठेवा. तो ताकदवान आणि विश्वासू आहे.

यात आपल्याला हवे ते सगळे आहे. कामापुरते, आदराचे, उघड बोलणे. मदत करून मोबदल्याची अपेक्षा न ठेवणे. आणि विशेष म्हणजे परक्या पुरुषाबद्दलचे आपले मत वडिलांना मोकळेपणाने सांगू शकणारी मुलगी. वडील तिच्यावर संशय घेत नाहीत. ते तिचा सल्ला मानतात.

हीच रीत वेगळ्या धर्माच्या सोबत्यांशी वागतानाही लागते. ज्युनियर कॉलेजात आपल्या मुलाला पहिल्यांदा हिंदू, बौद्ध, जैन मित्र मिळतात. कुणी दिवाळीचा फराळ आणतो, ईदला आपल्या घरचा शीरखुर्मा त्याच्या घरी जातो. पण एखादे दिवशी ग्रुपवर कुणीतरी धर्माची टिंगल करणारा मेसेज टाकतो. मुलाने काय करावे? तशीच शिवी परत पाठवणे सोपे आहे, गप्प बसून मनात कुढणेही सोपे आहे. शिकवायचे ते याहून अवघड आहे : ग्रुपवर भांडू नकोस, ज्याने टाकला त्याला बाजूला घेऊन सांग, ‘यार, हे वाचून मला वाईट वाटले.’ आणि आपल्या ग्रुपमध्ये त्यांच्या धर्माची टिंगल कुणी केली तर तिथेही हेच सांग. कुणी धमकीवर उतरला तर मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवून शिक्षकांना आणि घरी सांग.

घरी सांगता येते का?

एक नेहमीचा प्रकार पाहू. अकरावीतल्या मुलीशी कुणीतरी इन्स्टाग्रामवर ओळख काढतो. आठवडाभर चांगले बोलतो, मग फोटो मागतो. तिने एखादा साधाच फोटो पाठवला, तर तो बदलून, बनावट करून तिलाच पाठवतो आणि म्हणतो : भेटायला ये, नाहीतर हा तुझ्या अब्बांना पाठवतो. त्या मुलीला भीती कशाची वाटते? त्या माणसाची कमी, घराची जास्त. तिला माहीत असते की सांगितले तर मोबाइल जाईल, कॉलेज बंद होईल आणि सहा महिन्यांत स्थळे पाहायला सुरुवात होईल. ही भीती म्हणजेच त्या माणसाचे भांडवल. ज्या घरात मुलगी निर्धास्तपणे म्हणू शकते की अब्बा, एक माणूस मला त्रास देतोय, त्या घरातल्या मुलीला धमकावण्यासाठी त्याच्याकडे काहीच उरत नाही.

मुलांचेही असेच. मुलीच्या नावाने खोटे खाते उघडून मुलांना व्हिडिओ कॉलवर फसवणे आणि मग पैसे उकळणे, हा धंदा सध्या जोरात आहे. मुलगा क्लासच्या फीचे पैसे देतो, दोस्ताकडून उधार घेतो, पण घरी बोलत नाही. लाजेपायी मुलांनी जीव दिल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत.

मग घरच्यांनी वागावे कसे? एका तरुणाने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे येऊन चक्क व्यभिचाराची परवानगी मागितली, अशी हदीस आहे. आजूबाजूचे लोक त्याला दरडावू लागले. प्रेषितांनी मात्र त्याला जवळ बोलावून बसवले आणि विचारले की हे तुझ्या आईबाबत, मुलीबाबत, बहिणीबाबत तुला चालेल का? प्रत्येक प्रश्नावर तो नाही म्हणत गेला. इतर लोकांनाही ते चालत नाही, हे त्यांनी त्याला समजावले, त्याच्या अंगावर हात ठेवला आणि त्याच्यासाठी दुआ केली. इतका धक्कादायक प्रश्न विचारणाऱ्याला जर जवळ बसवले जाते, तर ‘मला वर्गातला एक मुलगा आवडतो’ म्हणणाऱ्या आपल्या मुलीला थप्पड का मिळावी?

आमची सूचना आहे की कॉलेज सुरू होण्यापूर्वीच अम्मी-अब्बांनी मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे : ‘काहीही झाले, तुझी चूक असली तरी, आधी आमच्याकडे ये. तू सांगितलेस म्हणून तुझे शिक्षण थांबणार नाही.’ आणि वेळ आली की ते पाळावे. पहिल्या दिवशी ओरडायचे नाही, मारायचे नाही, मोहल्ल्यात चर्चा करायची नाही. भावाला पाठवून मारामारीही नको. काही मुलांना आई-वडिलांशी बोलणे जमत नाही. त्यांच्यासाठी फुफी, मामी, थोरली चुलत बहीण असे एक माणूस आधीच ठरवून द्यावे. अब्बा परदेशात असतील तर हे माणूस ठरवणे अधिकच जरुरीचे.

शाळा-कॉलेजने काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्ये सांगितली. भावना हाताळणे, ताण सोसणे, निर्णय घेणे, नीट संवाद साधणे आणि नाती जपणे ही त्यांतलीच. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने आयुष्मान भारतअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू केला. त्याच्या अकरा विषयांत ‘परस्पर नातेसंबंध’ हा स्वतंत्र विषय आहे आणि प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना त्यासाठी तयार करण्याची योजना आहे. महाराष्ट्रात मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांमध्ये ‘सखी सावित्री’ समिती नेमायची आहे. म्हणजे कागदावर व्यवस्था आहे.

ती प्रत्यक्षात कशाने चालते, याचे उत्तर बिहारमधून मिळते. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने नालंदा जिल्ह्यातल्या सुमारे ७५ माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला. काही शाळांत प्रशिक्षण दिलेली एक बाहेरची व्यक्ती नेमली. ती मुलांचे ऐकायची, भित्तिपत्रक चालवायची, मनातले लिहून टाकायची पेटी उघडायची. काही शाळांत हेच काम तिथल्या शिक्षकांवर सोपवले. २०१८ साली ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाहेरची व्यक्ती असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी, हिंसा आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली. शिक्षकांवर काम सोपवलेल्या शाळांत मात्र तसा फरक दिसला नाही. यात शिक्षकांना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांच्यावर आधीच कामाचा बोजा असतो. शिवाय जो गुण देतो आणि शिक्षा करतो, त्याच्यापुढे मन मोकळे करणे मुलांना जड जाते, असे आम्हाला वाटते.

आपल्या संस्थांना हे परवडणारे आहे. मोहल्ल्यातली एखादी पदवीधर सून, निवृत्त परिचारिका, समाजकार्य शिकलेला तरुण यांना तयार करता येईल. आठवड्यातून एक तास, सहा आठवडे. काही तास मुला-मुलींचे वेगवेगळे घ्यावेत म्हणजे संकोच राहत नाही. निनावी प्रश्नांची पेटी ठेवावी आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावे. भाषण कमी, छोटे प्रसंग करून दाखवणे जास्त. आणि एक तास फक्त पालकांसाठी.

त्या तासात कायदाही सांगावा, धाक म्हणून नव्हे तर माहिती म्हणून. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलीच्या किंवा मुलाच्या संमतीला लैंगिक संबंधांत काहीही अर्थ नाही. ‘ती राजी होती’ हा बचाव चालत नाही. २००६ च्या कायद्यानुसार मुलीचे लग्न १८ आणि मुलाचे २१ वर्षांआधी लावता येत नाही, म्हणून ‘बदनामी नको, निकाह लावून टाकू’ हा उपायही बेकायदेशीर आहे. मोबाइलवरून धमकी आली तर पैसे द्यायचे नाहीत, मेसेज पुसायचे नाहीत, स्क्रीनशॉट ठेवायचे. सायबर फसवणुकीसाठी १९३०, मुलांच्या मदतीसाठी १०९८. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या अश्लील मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते.

प्रवेश घेताना

यंदा प्रवेशाला जाल तेव्हा फी आणि निकालाबरोबर कॉलेजला आणखी तीन प्रश्न विचारा. इथे मुलांशी बोलायला समुपदेशक आहे का? सखी सावित्री समितीत कोण कोण आहेत? तक्रारपेटी कुठे आहे आणि ती कोण उघडते? पाच-दहा पालकांनी हे विचारले तरी कॉलेजला उत्तर शोधावे लागेल.

आणि घरी परतल्यावर जेवणानंतर मोबाइल बाजूला ठेवून मुलांना विचारा : तुझ्या वर्गात कुणी कुणाला त्रास देते का? तू काय केलेस? मग मध्ये न बोलता ऐका. पहिल्या दिवशी मूल बहुधा ‘काही नाही’ म्हणेल. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारा. मुलाला खात्री पटायला वेळ लागतो. अल्लाह आपल्याला ऐकून घेण्याचा सब्र देवो आणि आपल्या मुलामुलींना चांगल्या माणसांची सोबत देवो. आमीन.